घरचा खेळाडू

सॅव्हिओ गुऱ्हाळाच्या ओट्यावर बसून चपातीला गरम काकवी लावून खात होता आणि मी दारात उभा राहून पन्हाळ्याचा रस्ता बघत होतो. नोंदणीचा तो पहिला दिवस, सोमवार. सकाळी सहा वाजता आम्ही त्याला त्याच्या खोलीवरून उचललं होतं. उचललं म्हणजे अगदी उचललंच, बिचाऱ्यानं तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. कपडे पिशवीत कोंबले, त्याला जीपमध्ये मधोमध बसवलं, दोन्ही अंगांना तालमीचे दोन गडी दिले आणि केर्लीच्या पुढं वस्तादांच्या मेहुण्याच्या गुऱ्हाळावर आणून सोडलं. त्याचा मोबाइल मी स्वतः काढून घेतला, बंद केला आणि माझ्या खिशात टाकला. मला इथं कशाला आणलं, असं त्यानं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी त्याला सांगितलं, की तू काळजी करू नकोस, सगळं तुझ्या भल्यासाठीच चाललंय.

ज्याला आमच्याकडचा फुटबॉल माहीत नाही त्याला हा पळवापळवीचा गुन्हा वाटेल. पण कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा. ज्या तालमीत आजोबा लाल मातीत लोळले त्याच तालमीच्या नावाचा शर्ट घालून नातू मैदानात उतरतो, आणि सामना हरला तर पेठेत दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही. सीझनच्या आधी असोसिएशनच्या ऑफिसात पाच दिवस खेळाडूंची नोंदणी चालायची. ज्या संघाच्या फॉर्मवर खेळाडूची सही झाली, तो त्या वर्षापुरता त्यांचा. मोठ्या क्लबांत करार असतात, वकील असतात, दोन-दोन वर्षं आधी बोलणी होतात म्हणे. आमच्यासारख्या लहान तालमीकडं काय होतं? एक गुऱ्हाळ होतं. चांगला खेळाडू दुसऱ्यानं फोडू नये म्हणून त्याला पाच दिवस लपवायचा आणि शेवटच्या दिवशी हलगी लावून, गुलाल उधळत ऑफिसात न्यायचा, ही आमची करार करायची पद्धत. सगळेच असं करायचे, त्यामुळं त्यात कुणाला काही गैर वाटायचं नाही.

या गोष्टीला आता सतरा वर्षं होतील. मी तेव्हा चाळिशीत होतो, चोपदार तालमीच्या फुटबॉल संघाचा अकरा वर्षांचा सेक्रेटरी. पोटापाण्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, म्हणजे पाटी तरी तशी होती. नोंदणीचा आठवडा आला की शटर खाली. आदल्या वर्षी आम्ही वरच्या गटात कसेबसे टिकलो होतो, एका गुणानं. सगळ्या सीझनमध्ये आमचे गोल झाले चौदा आणि त्यातले नऊ एकट्या सॅव्हिओचे. हे गोव्याचं पोरगं मिरजेला कुठल्याशा कंपनीत कामाला म्हणून आलं होतं आणि एका रविवारच्या सामन्यात माझ्या नजरेला पडलं होतं. आता जयविजय स्पोर्ट्सचा त्याच्यावर डोळा आहे, अशी पक्की खबर आली होती. जयविजय म्हणजे पलीकडच्या पेठेचा बडा संघ, त्यांना दिलेल्या देणगीचे फ्लेक्स चौकात लागतात. सॅव्हिओ गेला तर आम्ही खालच्या गटात जाणार, आणि एकदा खाली गेलेली तालीम पुन्हा वर आलेली मी तरी पाहिली नव्हती.

बैठकीत वस्ताद एवढंच म्हणाले होते, "उदय, ते पोरगं गेलं तर आपण बी गेलो. बाकी काय बी कर." वस्ताद म्हणजे आमचे अध्यक्ष, तुकाराम माळकर. पंचाहत्तरीचे पैलवान, कान फुटलेले, फुटबॉलमधलं ऑफसाइड त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण शब्दाचा माणूस. त्यांचा शब्द म्हणजे मला हुकूमच वाटायचा.

बाकीचे अकरा जण घरचेच होते. त्यांची काळजी नव्हती. घरच्या पोरांचे फॉर्म दरवर्षी मीच भरायचो. त्यांचे फोटो माझ्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्यांजवळ पडलेले असत. सह्याही मीच ठोकायचो. प्रत्येकाला गाठून सही घेत कोण बसणार? माझ्या धाकट्या भावाची, संग्रामची, सही तर मी डोळे झाकून मारायचो. त्या वर्षी असोसिएशननं नवीन नियम काढला, खेळाडूनं ओळखपत्र घेऊन स्वतः हजर राहायचं आणि समोर सही करायची. मी वैतागलो. मग घरच्या सगळ्यांना निरोप धाडला, शुक्रवारी दुपारी चारला ऑफिसात या, मिरवणुकीबरोबरच उरकून टाकू.

सोमवारी संध्याकाळी मी कपडे न्यायला घरी आलो तेव्हा संग्राम सोप्यात बसला होता. तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता, त्याला मीच वाढवला म्हटलं तरी चालेल. शिरोलीच्या फौंड्रीत पहिल्या पाळीला जायचा, सकाळी सात ते दुपारी साडेतीन, आणि तिथून थेट मैदानावर. नऊ सीझन तो आमचा स्टॉपर होता, म्हणजे बचावाच्या मधोमध उभा राहून गोल अडवणारा, शेवटचे चार कॅप्टन. बोलणं कमीच. मैदानावरसुद्धा तो ओरडायचा नाही, हात वर करून दाखवायचा. त्यानं मला म्हटलं, आण्णा, जरा बोलायचं होतं. मी पिशवीत लेंगा कोंबत म्हणालो, आठवडा जाऊ दे. तो बरं म्हणाला.

मंगळवारी दुपारी गुऱ्हाळासमोरच्या रस्त्यावरून एक पांढरी जीप दोनदा गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा माझं डोकं फिरलं. मी आणि आमचा एक गडी मोटारसायकल काढून तिच्यामागं लागलो. दोन किलोमीटरवर गाडी तिला आडवी घातली. आत साखर कारखान्याच्या शेतकी विभागाचा एक माणूस उसाच्या नोंदी करत फिरत होता. जयविजयनं किती दिले, असं मी त्याला दरडावून विचारलं. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की मला परत फिरताना घाम फुटला. त्या माणसानं पुढं महिनाभर त्या गावात माझी टिंगल केली असं वस्तादांच्या मेहुण्यानं मला सांगितलं.

गुऱ्हाळावर पाच दिवस राहणं म्हणजे काही चैन नव्हती. धुरानं डोळे चुरचुरायचे, अंगाला गुळाचा चिकटा, माश्या. सॅव्हिओ मात्र मजेत होता. तो चुलवाणापाशी बसून मजुरांशी गोव्याच्या मराठीत गप्पा मारायचा आणि संध्याकाळी कापलेल्या उसाच्या रानात एकटाच चेंडू खेळवायचा. मीच त्याच्याभोवती घिरट्या घालत होतो. तो लघवीला गेला तरी मी पन्नास पावलांवर उभा. मी त्याला विचारायचो, काही हवंय का, मासे आणू का, कंटाळा आलाय का, आईला फोन लावून देऊ का. लावूनही दिला, माझ्या मोबाइलवरून, आणि तिच्याशी मीच दहा मिनिटं बोललो. तुमच्या मुलाला मी भावासारखा सांभाळतो असं मी त्या माउलीला सांगितलं. तिला काय कळलं कुणास ठाऊक, पण ती रडली.

बुधवारी वस्ताद स्वतः आले. बरोबर पुडीत भंडारा. आमच्याकडं देवाचा भंडारा उचलून दिलेला शब्द मोडत नाहीत. सॅव्हिओ ख्रिश्चन, त्याला भंडारा उचलायला लावणं बरं दिसेल का, असं मी हळूच म्हणालो. वस्ताद म्हणाले, देव देव असतो. सॅव्हिओनं काही कुरकुर केली नाही. एका हातात गळ्यातला क्रूस धरला आणि दुसऱ्या हातानं भंडारा उचलला. मजुरांनी टाळ्या वाजवल्या. आता हा कुठं जात नाही, असं म्हणून वस्ताद निघून गेले, पण जाताना मला बजावून गेले, की तरी नजर हलवू नकोस.

त्या दुपारी मी आंघोळीपुरता घरी गेलो. आंघोळ करून निघालो तर संग्राम पाळी करून नुकताच आला होता. अंगावर फौंड्रीची काळी राख तशीच. त्यानं विचारलं, "आण्णा, माझ्या फॉर्मचं काय?"

"तुझ्या फॉर्मचं काय व्हायचंय?" मी चप्पल घालत म्हणालो. "शुक्रवारी चारला ये की. सगळ्यांना सांगितलंय."

"तसं न्हवं. मी म्हणत होतो..."

"संग्या, मला आत्ता अजिबात वेळ न्हाई. तिकडं ते एकटंच हाय. तुझं काय, तू घरचाच."

एवढं बोलून मी गाडीला किक मारली. तो दारात उभा होता. मी मागं वळून पाहिलं असतं तर कदाचित त्याच्या चेहऱ्यावर मला काही दिसलंही असतं, पण मी वळलो नाही. मला सॅव्हिओसाठी बांगडे घ्यायचे होते.

गुरुवारी दुपारी शुभांगीचा, माझ्या बायकोचा, फोन आला. गुऱ्हाळावर रेंज धड नव्हती, मला ओट्यावर चढून एका कोपऱ्यात उभं राहावं लागलं. ती म्हणाली, काल संध्याकाळी दिनकर मोहिते घरी आले होते. मोहिते म्हणजे जयविजयचा सेक्रेटरी, माझ्या जोडीचा. तो माझ्या घरी? मला तिथंच तिडीक आली. तू दार उघडलंसच कशाला, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, घरी आलेल्या माणसाला चहा तरी द्यायला नको? तिनं चहा दिला होता, वर खारी दिली होती.

"काय विचारत होता?"

"मला नाही काही विचारलं. संग्रामभावजींशी बोलत बसले होते अर्धा तास."

मी हसलो. खरंच हसलो, मोठ्यानं. सॅव्हिओला आम्ही कुठं ठेवलंय ते काढून घ्यायला आला असणार आणि माझा भाऊ काय तोंड उघडणार! मी बायकोला म्हणालो, त्याला म्हणावं शाबास. ती पुढं काही तरी सांगत होती, पण आवाज तुटला आणि मी पुन्हा फोन लावला नाही. गुऱ्हाळावरच्या गड्यांना मी तो किस्सा रंगवून सांगितला. मोहित्याला माझ्या घरातून रिकाम्या हातानं परत जावं लागलं, याचा मला जो आनंद झाला तो आठवला की अजून माझं मलाच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

शुक्रवारी आम्ही सॅव्हिओला फेटा बांधला. उघड्या जीपमध्ये उभा केला, पुढं हलगी, घुमकं, वीस-पंचवीस मोटारसायकली. पेठेतून फिरवून बरोबर पावणेचारला ऑफिसच्या दारात आणला. गुलालानं त्याचे दात तेवढे पांढरे राहिले होते. असोसिएशनचे कारकून पेडणेकर टेबलावर रजिस्टर उघडून बसले होते, त्यांनी गुलाल कागदावर पडू नये म्हणून आधी सगळ्यांना हात धुवायला पाठवलं. सॅव्हिओनं हात धुतले, फॉर्म वाचला, सही केली. मी सुटकेचा निःश्वास सोडला. पाच दिवस मी नीट झोपलो नव्हतो.

सही करून झाल्यावर त्यानं पेन पेडणेकरांना परत दिलं आणि माझ्याकडं वळून अगदी सहज म्हणाला, "सोमवारीच घेऊन आला असतात तरी केली असती मी. मला कुठं जायचं होतं?"

"मग बोलला का न्हाईस?"

"विचारलंच नाही ना तुम्ही."

आमचे लोक हसले, मीही हसलो. पाच दिवसांचा धूर, माश्या, जीपचा पाठलाग, भंडारा, सगळं एका वाक्यात उताणं पडलं होतं. पण सही झाली होती, म्हणून मी ते मनाला लावून घेतलं नाही. घरच्या पोरांना हाका मारल्या. एकेक जण येऊन ओळखपत्र दाखवून सही करून गेला. दहा झाले. अकरावा संग्राम. तो आलाच नव्हता. पाळी साडेतीनला सुटते, शिरोलीच्या रस्त्याला ट्रॅफिक असतं, येईल. मी साडेचारपर्यंत दारात उभा राहिलो. फोन उचलत नव्हता. ऑफिस पाचला बंद होणार होतं. मी पेडणेकरांना म्हणालो, संग्रामचा फॉर्म घेऊन ठेवा, सही मी करतो, भाऊच आहे माझा, दरवर्षी मीच करतो. एरवी त्यांनी ते चालवूनही घेतलं असतं, पण त्यांनी रजिस्टरची दोन पानं मागं उलटली आणि बोट ठेवलं.

"इंगवले संग्राम आनंदराव. यांची नोंद काल झालीय, उदयराव. जयविजय स्पोर्ट्सकडून."

मला वाटलं, नावात घोटाळा झाला असेल. पेठेत इंगवले काय कमी आहेत? पेडणेकरांनी फॉर्मच काढून दाखवला. फोटो संग्रामचाच, नवीन काढलेला. आणि खाली सही. ती सही मी कधी पाहिलीच नव्हती. मी इतकी वर्षं मारत आलो होतो ती ऐटदार, शेवटी फाटा ओढलेली. ही साधी होती, शाळेत पाटीवर लिहितात तशी, एकेक अक्षर सुटं. माझ्या भावाची खरी सही कशी असते ते मी अठ्ठावीस वर्षांत प्रथमच पाहत होतो.

मोहिते तिथंच व्हरांड्यात उभा होता. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. सॅव्हिओ मिळाला नाही म्हणून माझ्या घरात हात घातलास, असं काहीबाही बोललो. तो शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, "सॅव्हिओ? आमच्याकडं तीन फॉरवर्ड हायत, उदयराव. त्याला घेऊन काय करायचं होतं? आम्हाला स्टॉपर पायजे होता. गावात एकच हाय."

ती पक्की खबर कुणी आणली होती, हे आम्ही नंतर खूप शोधलं. कुणीच आणली नव्हती. आमची आम्हालाच वाटलेली भीती होती ती. चौदा गोल मारून आम्ही वाचलो असं आम्ही वर्षभर सांगत फिरत होतो. बाराच गोल खाल्ले म्हणून वाचलो होतो, हे त्या बैठकीत एकाच्याही तोंडातून निघालं नव्हतं. माझ्याही नाही.

पेडणेकर भला माणूस. त्यांनी मला परत आत बोलावून सांगितलं, की नोंदणी मागं घ्यायला उद्या दुपारी बारापर्यंत मुदत आहे. खेळाडूनं स्वतः येऊन अर्ज दिला तर नाव निघतं आणि तिथंच दुसऱ्या संघाचा फॉर्म भरता येतो. "स्वतः," ते पुन्हा म्हणाले. मी मान हलवली. वस्तादांना सांगितलं तर त्यांनी त्यात काही विशेष मानलंच नाही. "भाऊ हाय न्हवं तुझा? कान धरून आण सकाळी." मलाही तसंच वाटलं. मी तिथंच व्हरांड्यात बसून कोरा कागद घेतला आणि अर्ज लिहून काढला. मी, खाली सही करणार, संग्राम आनंदराव इंगवले, माझी नोंदणी रद्द करावी ही विनंती.

त्या वर्षी पुढं काय झालं ते सांगून टाकतो. सॅव्हिओनं शब्द पाळला, अकरा गोल मारले. आम्ही एकतीस खाल्ले आणि खालच्या गटात गेलो, आजही तिथंच आहोत. त्याचं दुःख आता उरलेलं नाही. खेळात वर-खाली चालायचंच. मला अजून चीड येते ती त्या शुक्रवारच्या संध्याकाळची, कारण तेव्हा अजून काही बिघडलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा साडेसहा झाले असतील. संग्राम सोप्यात सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन फोडत बसला होता. शुभांगी आतून डोकावली आणि तिथंच थांबली. मी अर्ज त्याच्यापुढं धरला. त्यानं हात पुसले, सगळा वाचला.

"सही तेवढी सोडलीस," तो म्हणाला.

"थट्टा नको. बारापर्यंत मुदत हाय, उद्या अकराला तयार राहा. मी गाडी काढतो."

त्यानं अर्ज नीट घडी करून सुपाशेजारी ठेवला आणि पुन्हा शेंगा घेतल्या. मी ओरडलो. वस्तादांना काय तोंड दाखवू, पेठेत काय सांगू, सेक्रेटरीचाच भाऊ फुटला म्हणून लोक तोंडात शेण घालतील. वडलांनी ज्या तालमीत घाम गाळला त्या तालमीला लाथ मारलीस. असं बरंच. तो ऐकत होता. त्याच्या बोटांत शेंगा फुटत होत्या, टरफलं एका बाजूला, दाणे एका बाजूला.

"किती कबूल केले मोहित्यानं?"

"इचारलं न्हाई मी."

"मला येडा समजतोस?"

"खरंच न्हाई इचारलं. तो आला, इथंच बसला. वैनीनं चहा दिला. म्हणाला, संग्रामराव, आमच्याकडं खेळणार काय? इचार करून सांगा, घाई न्हाई."

"आणि?"

"आणि गेला."

"अर्धा तास बसला होता म्हणे."

"बाकी मग फौंड्रीचं बोलत होता. त्याचा पोरगा आयटीआयला हाय."

"आणि तू लगेच सही करून मोकळा झालास."

"न्हाई. घरभर फिरून इचार केला. कामावर बी दुसऱ्या दिवशी तोच इचार चालला होता." त्यानं एक शेंग फोडली. "लई बरं वाटलं, आण्णा, इचार कराय. मला कधी करावाच लागला न्हाई न्हवं त्यो."

मी म्हणालो, अरे, घरच्या माणसाला काय विचारायचं असतं? मी बायकोला विचारतो का, की उद्या या घरात राहणार आहेस ना? आत शुभांगीनं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

संग्राम पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघत बोलला. "नऊ वर्षं खेळलो मी. एकदा बी मी 'खेळतो' म्हणालो न्हाई. दरवर्षी तूच म्हणालास. माझ्या नावानं."

"म्हणजे तुला खेळायचं नव्हतं आमच्याकडून?"

"होतं की. म्हणून तर सोमवारपासनं तुझ्या मागं फिरत होतो. म्हटलं, यंदा समोर सही करायची हाय, तर यंदा तरी आण्णा म्हणंल, संग्या, खेळतोस न्हवं?"

बाहेर गल्लीत पोरांनी अजून सॅव्हिओच्या नावाचा जयजयकार चालवला होता. हलगीवाला फुकटात वाजवत होता. मी तसाच उभा होतो, अंगावर गुलाल, पायाला गुऱ्हाळाची राख. राग गेला नव्हता, पण तो आता कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

"उद्या बारापतोर मुदत हाय म्हणतोस न्हवं?" संग्राम म्हणाला.

"हाय."

"मग इचार की."

त्यानं हातातल्या शेंगा सुपात ठेवल्या. दोन्ही हात मांडीवर घेऊन तो माझ्याकडं बघत बसला. त्यात खोच नव्हती, मला शरण आणायचा डावही नव्हता. तो खरोखर वाट बघत होता. शुभांगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. त्या आठवड्यात मी कुणाकुणाची मनधरणी केली नव्हती? सॅव्हिओची, त्याच्या आईची, गुऱ्हाळवाल्याची, हलगीवाल्याची, पेडणेकरांची. परक्या पोराला मासे आवडतात का हे विचारायला मला काही वाटलं नव्हतं. इथं चार शब्द बोलायचे होते. ज्याला मी अंगाखांद्यावर खेळवलं, शाळेत घातलं, मैदानावर नेलं, त्याच्यापुढं उभं राहून 'खेळशील का' म्हणायचं. ते शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते, मी शपथेवर सांगतो. मी तोंड उघडलंसुद्धा.

"जेवलास काय?" मी म्हणालो.

त्यानं सूप पुन्हा जवळ ओढलं.

"न्हाई अजून," तो म्हणाला, आणि खाली बघून शेंगा फोडायला लागला.